फादर, दहावीच्या पोट्ट्यांची निरोपाची वही बंद करू नका

आदरणीय फादर मुख्याध्यापक, शाळेच्या व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक-शिक्षक संघाचे सगळे,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या शाळेचा १९९७ च्या दहावीच्या बॅचचा विद्यार्थी. पाचवी ते दहावी सहा वर्षं, त्यातली चार बोर्डिंगमधे काढली. आता तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालवतो, शाळेतल्या अर्ध्या पोरांचे बाप माझ्या दुकानात येतात, त्यामुळे शाळेची खबरबात मला बसल्याजागी मिळते. हे पत्र मी तुमच्या हातात आणून देणार आहेच पण इथेही टाकून राहिलो, कारण विषय माझा एकट्याचा नाही, त्या चिंचेखालून शिकून गेलेल्या सगळ्यांचा आहे.

मागच्या सोमवारी दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर शाळेची नोटीस आली. चार ओळींची. या वर्षीपासून निरोप समारंभात निरोपाची वही लिहिली जाणार नाही आणि वाचली जाणार नाही, त्याऐवजी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि करिअर मार्गदर्शन होईल, सर्वांनी नोंद घ्यावी. मी एका गिऱ्हाईकाला हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं औषध देत होतो, ती नोटीस वाचली आणि बिल करायचं राहूनच गेलं, तो बिचारा विचारते काय झालं भाऊ, कोणी गेलं का. मी म्हटलं नाही गा, पण वाईट झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी वही काय ते सांगतो. बाकी शाळा-कॉलेजात निरोपाच्या दिवशी फिशपॉन्ड असतात, शेलापागोटे असतात, चिठ्ठीवर आपलं नाव न टाकता कोणीही काहीही लिहिते आणि ज्याच्यावर ती चिठ्ठी पडते त्याचं तोंड एवढंसं होते. आपल्याकडे तसं नव्हतं. आपल्याकडे लाल कापडी बाइंडिंगचं जाड रजिस्टर, दरवर्षी एक, आणि त्यात दहावीच्या प्रत्येक पोट्ट्याचं एक पान. पान लिहायचं त्याच्या आधीच्या रोल नंबरवाल्यानं. म्हणजे दोस्त असो की दुश्मन, नंबर लागला की लिहायचंच, आणि लिहायला आधी त्या पोराकडे नीट पाहावं लागायचं. खाली लिहिणाऱ्याची सही. मग ते पान ज्याच्यावर लिहिलं त्याला दाखवायचं, त्यानं वाचून 'मंजूर' लिहून सही केली तरच समारंभात वाचायचं. आणि आमच्या वेळच्या मुख्याध्यापक फादरांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, जातीवर नाही, घरच्या गरिबीवर नाही, अंगातल्या व्यंगावर नाही. बाकी सगळं चालेल.

आणि बाकीचं खूप होतं फादर. तुम्ही या शाळेत येऊन तीन वर्षं झाली, तुम्ही जुन्या वह्या पाहिल्या नसाव्यात असं मला वाटते, पाहिल्या असत्या तर ती नोटीस तुमच्या हातून निघाली नसती. म्हणून आमच्या वर्गातले काही जण तुम्हाला इथंच दाखवतो. नावं टाकत नाही, टोपण नावं टाकतो, ज्यांची आहेत ते ओळखतील आणि हसतील. वही समोर नाही पण ही पानं आम्हाला पाठ आहेत.

आमच्यात एक शकुंतला होता. मूर्तिजापूर ते अचलपूर जी शकुंतला नावाची नॅरोगेज गाडी चालायची तिच्यानं तो यायचा. कोळशाचं इंजिन १९९४ मधे गेलं आणि डिझेलचं आलं तरी गाडीचा स्वभाव काही बदलला नाही, आणि याचाही नाही. रोज उशीर आणि रोज नवीन कारण. सर, रुळावर म्हशी होत्या. सर, गार्डसाहेबच खाली उतरून तिकिटं फाडत होते. सर, कापूसतळणीवाल्या आजीबाईचं टोपलं चढायचं होतं. आता यातलं सगळं खरंच घडायचं त्या गाडीत म्हणून सरांना काही बोलताही येत नव्हतं. त्याच्या पानावर लिहिलं होतं, 'सहा वर्षांत शकुंतला फक्त एकदा टायमावर आली, त्या दिवशी हा घरून टायमावर निघाला नव्हता म्हणून गैरहजर.' तो आज एसटीमधे वाहतूक नियंत्रक आहे. बस उशिरा आली की लोक त्याला कारण विचारतात आणि तो सांगते.

एक होता चुकारा. आजच्या पोट्ट्यांना हे नाव समजणार नाही. तेव्हा कापूस एकाधिकार खरेदी होती, १९७२ पासूनची, शेतकऱ्यानं कापूस पणन महासंघाच्या सेंटरवर घालायचा आणि मग चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची, वाट पाहत बसायचं, पैसे हप्त्याहप्त्यानं यायचे, तेही उशिरा. या पोट्ट्यानं कोणाकडून दोन रुपये घेतले की म्हणायचा, बाबाचा चुकारा आला की देतो. पेन घेतला, चुकारा आला की देतो. समोसा खाल्ला, चुकारा आला की. पान असं होतं, 'याला दिलेले पैसे म्हणजे महासंघाला घातलेला कापूस. काटा बरोबर होते, पावती लगेच मिळते, पुढचं देवाच्या हातात.' सगळा हॉल हसला, आणि सगळ्यात जास्त मागच्या रांगेतले बाप लोक हसले कारण त्यांचं सगळ्यांचं तेच चालू होतं. घरच्या गरिबीवर नाही हा नियम त्या पानानं मोडला का, तर नाही मोडला, ते पान गरिबीवर नव्हतंच, ते महासंघावर होतं, आणि चुकाऱ्यानं हसतच 'मंजूर' लिहिलं होतं. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तो एक वही घेऊन आला, कोणाचे किती सगळं लिहिलेलं, आणि एकेकाला बोलावून फेडले. माझे साडेसात रुपये होते, मी विसरलो होतो.

मेळघाटातला, धारणीकडचा एक कोरकू पोट्टा होता आमच्यासोबत बोर्डिंगमधे. पाचवीत आला तेव्हा त्याला मराठी येत नव्हती, फक्त 'हो सर' येत होतं. त्याच्या पानावर हे होतं, 'काच कोणी फोडली? हो सर. चिंचा कोणी पाडल्या? हो सर. त्यामुळे पाचवीतले सगळे गुन्हे याच्या नावावर आहेत आणि आम्ही सगळे निर्दोष सुटलो. याची आम्ही आज सर्वांसमोर माफी मागतो.' खरं म्हणजे ती माफी आम्ही पाच वर्षं मागायची राहिली होती, कोणाच्या तोंडून निघत नव्हती, वहीत निघाली. पुढं असं होतं की आठवीपर्यंत यानं अख्ख्या बोर्डिंगला कोरकू शिकवली आणि रात्री लाईट गेल्यावर आम्ही काय बोलतो ते ब्रदरांना समजणं बंद झालं. तो आता आश्रमशाळेत शिक्षक आहे. पहिलीत येणाऱ्या पोरांना तो पहिला महिना मराठीत काहीच विचारत नाही, त्यांच्याशी कोरकूतच बोलते.

आणि मरियामाता. फादर, हे वाचून तुम्ही रागावू नका, तेव्हाचे फादर पोट धरून हसले होते. पोरांची शाळा, रस्त्याच्या पलीकडे सिस्टरांची पोरींची शाळा, पण ख्रिसमसच्या नाटिकेत पोरी आणायच्या नाहीत असा नियम, म्हणून मरिया दरवर्षी आमच्यातलाच एक व्हायचा. पाचवीपासून तोच, कारण गोरा, बारीक आणि आवाज गोड. दहावीत आला आणि तीन महिन्यांत त्याला मिशी फुटली, आवाज फुटला. ब्रदर म्हणाले एक दिवसासाठी मिशी काढ. तो घरी सांगायला गेला तर दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत हजर, नऊवारीचा पदर कमरेला खोचून. म्हणे, पोराचा बाप धडधाकट जिवंत हाये, मिशी काहून काढाची? ब्रदर केरळचे, त्यांना काय समजणार, शेवटी हेडक्लार्क काकांनी समजावलं की आपल्याकडे बाप गेल्यावर मिशी काढतात. मग ब्रदरांनी मार्ग काढला, मरियेला हनुवटीपर्यंत घुंगट. पूर्ण नाटिका ती माऊली घुंगट धरून बसली होती, देवदूत आला तरी घुंगट, मेंढपाळ आले तरी घुंगट. गावातल्या बाया पाहायला आल्या होत्या, त्या एकमेकींना म्हणत होत्या, किती लाजते माय पोरगी, चांगल्या घरची दिसते. त्याच्या पानाची पहिली ओळ होती, 'आमच्या वर्गात देवाची आई आहे आणि तिला दाढी येऊन राहिली आहे.' आज त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, मिशा अशा की दोन्हीकडे लिंबू राहील, आणि बहिरमच्या यात्रेत हंडीचं मटण खायला आम्ही सगळे जमतो तेव्हा गर्दीत हाक मारतो, मरियामाताऽऽ, आणि तो सहा फुटी माणूस वळून पाहते.

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

माझा रोल नंबर चौतीस. पस्तीसचं पान मी लिहिलं. त्याचं नाव सावकाश. शाळेपासून तीन किलोमीटरवरच्या गावचा, रोज पायी यायचा आणि रोज उशीर. ते पान मला शब्दन् शब्द आठवते म्हणून जसं होतं तसं देतो, पंधरा वर्षांच्या पोट्ट्यानं लिहिलेलं आहे हे लक्षात घ्या.

'याचं नाव सावकाश मी नाही ठेवलं, पीटीच्या सरांनी ठेवलं. हा प्रार्थनेला आमेनच्या वेळेला पोहोचते. सरांनी याला ग्राउंडचे पाच राउंड मारायची शिक्षा दिली तर हा इतक्या हळू मारते की सरांचाच तास संपते. याला डबा खायला दोन तास लागतात, एक जेवणाचा आणि एक भूगोलाचा. पण एक दिवस मी याच्या गावी मुक्कामाला गेलो आणि सकाळी याच्यासोबत पायी आलो तर मला समजलं. याच्यासोबत सातवीतलं एक पोट्टं असते, पोलिओवालं. त्याचं दप्तर याच्या खांद्यावर असते. तो जेवढा चालते तेवढाच हा चालते. मी म्हटलं सरांना सांगून दे ना बे. तर म्हणे, त्याले वाईट वाटन.'

हे पान मी वाचलं तेव्हा हॉलमधे आधी हसू होतं, पोट्टे बाकं वाजवत होते, आणि शेवटच्या चार ओळींना एकदम सगळं थांबलं. पीटीचे सर मागं दाराशी उभे होते. तीन वर्षं त्यांनी सावकाशला राउंड मारायला लावले होते. ते तिथून चालत पुढं आले, पूर्ण हॉल ओलांडून, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. बोलले काहीच नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सर आपल्या लुनावर बसवून त्या सातवीतल्या पोट्ट्याला शाळेत आणायला लागले आणि तो दहावी होईपर्यंत आणलं. तीन वर्षांत ना हजेरीपटानं सांगितलं, ना प्रगतीपुस्तकानं, ते त्या एका पानानं सांगितलं फादर.

सावकाश सहा वर्षांपूर्वी गेला. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या लाईटवर गेला होता, स्टार्टरचा शॉक बसला. त्याचा मुलगा आज तुमच्या शाळेत दहावीत आहे. दिवाळीनंतर तो माझ्या दुकानात आला, बियाण्याच्या थैल्यांपाशी उभा राहिला, गिऱ्हाईक गेले तरी उभाच, मग म्हणे, काका, तुम्ही माह्या बाबावर एक पान लिवलं होतं म्हणे, मले थे पाह्याचं हाये. बापाचा एक लग्नातला फोटो आणि आधार कार्डाचा एक, एवढंच आहे त्याच्याकडे.

मी त्याला घेऊन शाळेत आलो. आधी सांगितलं अर्ज द्या, दिला. दोन आठवड्यांनी गेलो तर सांगितलं जुन्या वह्या स्टोअर रूममधे आहेत, किल्ली नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शिपाईदादांनी माझ्यावर दया करून दार उघडलं. पोषण आहाराच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यांखाली वह्या, भिंतीला लागून, आणि भिंतीवरून वाळवीची मातीची रेघ सरळ गठ्ठ्यात उतरलेली. वरची वही मी उचलली तर पुठ्ठा हातात आला आणि आतली पानं जाळीसारखी. तेवढ्यात ऑफिसमधून बोलावणं आलं, परवानगीशिवाय स्टोअरमधे कोणी जायचं नाही म्हणून, आणि आम्हाला बाहेर यावं लागलं. १९९७ ची वही त्यात आहे की नाही हे अजून मला माहीत नाही. पोट्टं माझ्या गाडीवर मागं बसून गावापर्यंत एक शब्द बोललं नाही. आणि त्याच्यानंतर ही नोटीस.

म्हणून माझ्या तक्रारी सरळ लिहितो.

पहिली म्हणजे तुम्ही पोरांना विचारलंच नाही. वही पोरांची आहे, तिच्यात एक अक्षर शाळेचं नसते. तिला बंद करताना दहावीच्या एकाही पोट्ट्याला बोलावून विचारलं नाही, वर्गशिक्षकांना सुद्धा नोटीस निघाल्यावर समजलं असं मी ऐकतो.

दुसरी तक्रार त्या कारणाबद्दल आहे जे नोटिशीत नाही पण सगळ्यांना माहीत आहे. मागच्या वर्षी एका पानात एका मुलाच्या रंगावर लिहिलं गेलं, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तो गावभर फिरला आणि त्या मुलाची आई शाळेत येऊन रडली. हे वाईट झालं, शंभर टक्के वाईट झालं, त्या माऊलीची तक्रार खरी आहे आणि तिची माफी मागितली पाहिजे, आम्ही जुने विद्यार्थी पण मागतो. पण फादर, ते पान वाचलं कसं गेलं? त्याच्याखाली त्या मुलाची 'मंजूर' सही होती का? वर्गशिक्षकांनी आधी पाहिलं होतं का? मी चौकशी केली, दोन्ही नव्हतं. काही वर्षांपासून वह्या तपासणंच बंद आहे, पहिल्या पानावर ती तीन वाक्यं लिहिणं पण बंद आहे, तासिकेवरचे सर येतात आणि वर्षात जातात, त्यांना कोणी सांगतच नाही. म्हणजे कुंपण मोडलं ते दुरुस्त करायचं सोडून तुम्ही वावरच पडीत टाकायला निघाले. हे मला पटत नाही.

तिसरं ते फ्लेक्सचं. या वर्षी गेटवर मोठा फ्लेक्स लागणार आहे, पूर्वपरीक्षेतल्या पहिल्या पाच जणांचे फोटो आणि टक्के, आणि पाहुणे म्हणून कोचिंग क्लासवाले. पाच जणांचं कौतुक करा, जरूर करा, त्यांनी मेहनत केली आहे. पण वर्गात एकसष्ट पोरं आहेत. बाकी छप्पन काय खुर्च्या लावायला? बोर्डानं स्वतः मेरिट लिस्ट लावणं कधीचं बंद केलं आणि आपण गेटवर लावून राहिलो. सावकाशला दहावीत किती टक्के होते मला आठवत नाही. शकुंतला तर काठावर पास. आमच्या समारंभात सगळ्यांना सारखं एक एक पान मिळालं, पहिल्या नंबरवाल्याला पण एकच आणि दोनदा नापास झालेल्याला पण एकच, आणि नापासवाल्याचं पान जास्त चांगलं होतं कारण त्याला वर्गातले सगळे जास्त वर्षं ओळखत होते.

चौथं मी खरं तर तुम्हाला सांगायला नको, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शाळेच्या लायब्ररीत दारासमोर संत फ्रान्सिस डी सेल्सचा फोटो आहे, हातात लेखणी. आम्हाला मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवलं होतं की डोंगराकडच्या भागात लोक त्यांचं ऐकायला यायला तयार नव्हते तेव्हा ते हातानं पत्रकं लिहून घराघरात दाराखालून सरकवायचे, आणि म्हणून १९२३ मधे पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक आणि पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. त्यांचा सण २४ जानेवारीला. आमच्या वेळी वही लिहायला त्याच दिवशी सुरुवात व्हायची, सकाळी फादर कोरं रजिस्टर चॅपलमधे नेऊन आशीर्वाद द्यायचे आणि रोल नंबर एकच्या हातात ठेवायचे. आमच्यातले बरेच हिंदू, बौद्ध, मुसलमान, पण ते रजिस्टर हातात घेताना सगळे चप्पल काढायचे, कोणी सांगितलं नव्हतं. त्या संताच्या फोटोखाली बसून पोरांचं लिहिणं बंद करायची नोटीस टाइप झाली याचं मला मनापासून वाईट वाटते.

आणि एक सांगतो, २०२१ च्या बॅचची तर बोर्डाची परीक्षाच झाली नाही, कोरोनामुळे रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. शाळा बंद, समारंभ नाही, काहीच नाही. तरी त्या पोट्ट्यांनी वही सोडली नाही. प्रत्येकानं घरी कागदावर पान लिहिलं, फोटो काढून पाठवला, समोरच्यानं खाली 'मंजूर' लिहून परत पाठवला, आणि ज्याचे वडील एसटी कंडक्टर होते त्यानं नंतर सगळे कागद गोळा करून स्वतः शिवले. ती वही पण त्याच स्टोअर रूममधे आहे.

माझ्या मागण्या जास्त नाहीत.

नोटीस मागे घ्या आणि या वर्षीच्या दहावीला वही लिहू द्या. बोर्ड तोंडावर आहे, अभ्यासाचं नुकसान होते असं कोणी म्हणेल, तर एक पान लिहायला एक संध्याकाळ लागते.

पहिल्या पानावर ती तीन वाक्यं परत लिहा, आणि चौथं आता टाकावं लागेल, की वाचन चालू असताना मोबाईल ऑफिसमधे जमा. सरांचे, पाहुण्यांचे, पालकांचे, सगळ्यांचे. 'मंजूर'ची सही नसेल तर पान वाचायचं नाही. ज्याला आपलं पान वाचून घ्यायचं नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही. तपासायला शिक्षकांना वेळ नसेल तर आम्ही माजी विद्यार्थी रोज संध्याकाळी दोघंजण येऊन बसू, आश्रमशाळेतला आमचा गुरुजी तर धारणीहून यायला तयार आहे.

मागच्या वर्षीच्या त्या मुलाला आणि त्याच्या आईला तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन भेटा. सोबत लागलं तर मी येतो.

फ्लेक्स लावायचा तर लावा, पण एकसष्ट फोटोंचा लावा. पैशाची अडचण असेल तर मरियामातानं गॅरेजमधून खर्च उचलायचं कबूल केलं आहे.

आणि जुन्या वह्या स्टोअर रूममधून काढून लायब्ररीच्या काचेच्या कपाटात ठेवा, म्हणजे कोणाच्या पोराला आपल्या बापाचं पान पाहायला अर्ज करायची पाळी येणार नाही.

तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, मी २४ तारखेला सकाळी नऊ वाजता येतो. सोबत चुकारा आहे, शकुंतलानं रजा टाकली आहे आणि सावकाशचा मुलगा आहे. क्लोरपायरीफॉस आणि फवारणीचा पंप मी दुकानातून घेऊन येतो, भिंतीची वाळवी पहिले मारावी लागेल, मग एकेक वही उन्हात टाकू. तुम्ही फक्त स्टोअर रूमची किल्ली शिपाईदादांकडे देऊन ठेवा.

आपला माजी विद्यार्थी,
१९९७ ची बॅच, रोल नंबर चौतीस